भागिले दोन

न्यायाधीश व्हायला कायद्याची पदवी लागते, असा आपल्याकडे एक समज आहे. तसं काही नाही. दोन मुलं असली की पुरतं. पहिलं मूल झाल्यावर माणूस नुसता बाप होतो. दुसरं झालं की तो न्यायमूर्ती होतो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. व्यापारी कायदा या विषयात मला पस्तीस मार्क पडले होते आणि त्यातलेही काही परीक्षकाने भूतदयेपोटी दिलेले असावेत. दिवसभर बँकेच्या काउंटरमागे बसून लोकांची पासबुकं भरून देणं हा माझा पेशा. पण संध्याकाळी घरी येऊन बेल दाबली की दार उघडायच्या आतच माझ्यापुढे दोन दावे दाखल झालेले असतात. दार कोणी उघडायचं, हा त्यातला पहिला.

आमच्या कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी नसते. उलट उन्हाळ्याच्या सुट्टीतच कामकाज दुप्पट चालतं. चिरंजीव तिसरीत आहेत, कन्यारत्न बालवाडीच्या वरच्या वर्गात. दोघंही फिर्यादी, दोघंही आरोपी, दोघंही साक्षीदार आणि दोघंही आपापले वकील. दाव्यांचे विषय म्हणाल तर लिफ्टचं बटण, टीव्हीचा रिमोट, आजीच्या शेजारची जागा, आंब्याचा बाठा आणि निळा मग. निळा मग एकच होता म्हणून सौ.ने मुद्दाम बोहरी आळीत जाऊन अगदी तस्साच दुसरा आणला. तेव्हापासून 'जुना निळा' कोणाचा, हा दावा सुरू आहे. 'अन्याय' हा जोडाक्षराचा शब्द कन्यारत्नाला 'ळ' म्हणता येण्याच्या आधी म्हणता आला. म्हणजे ती 'अन्नाय' म्हणते, पण अर्थाला कुठे बाध येत नाही.

आता तुम्ही म्हणाल, यात एवढं काय आहे? दोघांना सारखं द्यावं आणि मोकळं व्हावं. मलाही बी. कॉम.ला हेच शिकवलं होतं की दोन बाजूंची बेरीज जुळली की ताळेबंद बरोबर. पण सारखं दिलं म्हणजे न्याय झाला का, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. उदाहरणार्थ एस.टी.ची खिडकी घ्या.

सौ.चं माहेर वाईला. स्वारगेटहून सुटलेल्या गाडीत खिडकी एक आणि दावेदार दोन. तेव्हा असं ठरलं की शिरवळपर्यंत चिरंजीवांनी बसायचं आणि शिरवळपासून वाईपर्यंत कन्यारत्नाने. किलोमीटर मोजाल तर शिरवळ साधारण मध्यावर येतं. वाटणी सारखी. पण खंबाटकीचा घाट शिरवळच्या पुढे आहे. म्हणजे चिरंजीवांच्या वाट्याला ट्रक आणि गोदामं आली, आणि कन्यारत्नाच्या वाट्याला वळणं आणि दरी. बरं, तीही तिने पाहिली म्हणावं, तर घाट लागायच्या आधीच खिडकीच्या गजावर कपाळ टेकून ती गाढ झोपली. चिरंजीव मधल्या जागेवर टक्क जागे. "बाबा, झोपलेल्या माणसाचा खिडकीवरचा हक्क संपतो का?" त्यांनी विचारलं. प्रश्न मोठा मुद्द्याचा होता. मी विचार करत होतो तेवढ्यात घाट संपला आणि कन्यारत्न जागं झालं.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथातल्या पाचव्या भागात म्हटलं आहे की सारख्या माणसांना कमीजास्त दिलं की भांडणं होतात, आणि कमीजास्त माणसांना सारखं दिलं तरी होतात. म्हणजे काहीही दिलं तरी भांडण आहेच. या गृहस्थाला मुलं असली पाहिजेत, हे वाचताक्षणी लक्षात येतं. होतीच. एक मुलगी आणि एक मुलगा. मुलाचं नाव निकोमाकस, आणि हा ग्रंथही निकोमाकसच्याच नावाने ओळखला जातो. मुलीने त्यावर 'अन्नाय' म्हणून दावा लावला होता की काय, याबद्दल इतिहास गप्प आहे.

दोन मांजरं, लोण्याचा गोळा आणि तराजू घेऊन बसलेलं माकड ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली असते. हे पारडं खाली गेलं की त्यातलं थोडं खायचं, मग ते पारडं खाली गेलं की त्यातलं थोडं खायचं, असं करत माकडाने अख्खा गोळा फस्त केला. लहानपणी मला ते माकड फार लबाड वाटायचं. आता त्याची अडचण समजते. पेढा कितीही नीट मोडा, एक तुकडा दुसऱ्यापेक्षा तिळभर मोठा निघतोच. तो तीळभर भाग कुठे ठेवायचा? बापाच्या तोंडाएवढी निःपक्षपाती जागा घरात दुसरी नाही. माझ्या पोटाचा घेर ही न्यायदानाची कोर्ट फी आहे, असं सौ. म्हणते.

माकडांवरून आठवलं. २००३ साली सारा ब्रॉस्नन आणि फ्रान्स द वाल या दोन शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॅपुचिन जातीच्या माकडिणींनी हातातला खडा परत दिला की बक्षीस म्हणून काकडीचा तुकडा मिळायचा. माकडिणी खूश होत्या. मग शेजारणीला त्याच कामाबद्दल काकडीऐवजी द्राक्ष द्यायला सुरुवात केली. झालं! पहिलीला काकडी नकोशी झाली. कित्येकींनी ती फेकूनसुद्धा दिली. मघापर्यंत गोड लागणारी काकडी तीच, माकडीण तीच, भूकही तीच. फक्त नजर शेजारी गेली. एवढंच कळायला शास्त्रज्ञांना प्रयोगशाळा उभारावी लागली. आमच्याकडे यायचं होतं. कन्यारत्न स्वतःची वाटी नंतर बघतं, दादाची आधी.

शेवटी सौ.ने कायदा केला. एकाने कापायचं आणि दुसऱ्याने आधी उचलायचं. कापणारा मग सोनाराच्या बारकाईने कापतो, कारण मोठा तुकडा आपल्या वाट्याला येणार नाही हे त्याला माहीत असतं. घरोघरी आयांना ठाऊक असलेली ही युक्ती फार जुनी आहे. हेसिऑड नावाच्या प्राचीन ग्रीक कवीने सांगितलेल्या कथेत प्रोमिथ्यूस बैलाचे दोन वाटे करतो आणि झ्यूस देवाला म्हणतो, उचल हवा तो. पण गडी बेरकी. चांगलं मांस त्याने जनावराच्या कोथळ्याखाली दडवलं आणि नुसत्या हाडांवर चकचकीत चरबी पसरली. झ्यूसने चरबीचा वाटा उचलला.

चिरंजीवांनी हेसिऑड वाचलेला नाही. पण गेल्या महिन्यात नारळाच्या वडीचे दोन भाग करताना त्यांनी एक भाग चांगला ऐसपैस ठेवला आणि दुसरा लहान ठेवून काजूचा तुकडा बरोब्बर त्यावर येईल अशी सुरी फिरवली. कन्यारत्नाने काजू बघून लहान तुकडा झटकन उचलला. मी न्यायमूर्तींच्या आवाजात खाकरलो. पण बोलणार काय? तिला काजू हवा होता, तो मिळाला. त्याला वडी हवी होती, ती मिळाली. दोघंही आपण दुसऱ्याला फसवलं या आनंदात होते. वजनकाट्यावर ही वाटणी नापास झाली असती. पण अपील कोणीच केलं नाही. अपील नाही म्हणजे न्याय झाला, असं समजायला माझ्या पस्तीस मार्कांची हरकत नव्हती.

दोघांपुरता हा कायदा ठीक चालतो. दिवाळीत माझी बहीण तिची तीन मुलं घेऊन आली म्हणजे पंचाईत होते. पण त्यावरही विद्वानांनी विचार करून ठेवला आहे. ह्यूगो स्टाइनहाउस नावाच्या पोलिश गणितज्ञाने १९४८ साली वाटणीच्या प्रश्नावर लेख लिहिला. त्यात बानाख आणि क्नास्टर या त्याच्या दोन मित्रांनी शोधलेली रीत दिली आहे. पहिल्याने आपल्या मते एका वाट्याएवढा तुकडा कापायचा. दुसऱ्याला तो जास्त वाटला तर त्याने तासून कमी करायचा. मग तिसऱ्याने, मग चौथ्याने. ज्याने सर्वांत शेवटी तासला, त्याने तो घ्यायचा. तासलेला भाग परत मूळ ढिगात घालायचा आणि उरलेल्यांनी पुन्हा सुरुवात करायची. रीत गणिताने अगदी पक्की आहे. आमच्याकडे बर्फीवर ती करून पाहिली गेली. पाचही जणांनी मन लावून तासलं. फक्त तासलेला भाग ढिगात न जाता प्रत्येकाच्या तोंडात गेला. शेवटी ताटात जे उरलं त्याला बर्फी म्हणणं कठीण होतं, पण ते कोणालाच नको असल्यामुळे भांडणही झालं नाही. पोलंडच्या गणितज्ञांनी खाणाऱ्या तोंडांचा हिशेब धरला नसावा.

अमर्त्य सेन यांना १९९८ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. २००९ साली त्यांनी न्यायाच्या कल्पनेवर एक पुस्तक लिहिलं आणि त्यात तीन मुलं आणि एक बासरी उभी केली. एक मूल म्हणतं, मला एकट्यालाच ही वाजवता येते. दुसरं म्हणतं, मी गरीब, माझ्याकडे खेळणंच नाही. तिसरं म्हणतं, ही मी स्वतः खपून बनवली आहे. सेन म्हणतात, तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. आमच्याकडे बासरीऐवजी माउथ ऑर्गन आहे. तो दोघांनाही वाजवता येत नाही, गरीब दोघंही सारखीच, आणि बनवला आहे कारखान्याने. म्हणजे तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने कोणाचाच दावा टिकत नाही. तरीही रोज संध्याकाळी अर्धा तास त्याच्यावरून जे चालतं, ते ऐकायला सेनसाहेबांनी एकदा यावं.

पण एक गोष्ट मी बरेच दिवस पाहतो आहे. हे सगळे दावे फार लवकर निकालात निघतात. निकाल माझ्यामुळे लागतो असं नव्हे. फिर्यादीच उठून जातात. आपल्याकडे मुदतीचा कायदा म्हणून १९६३ चा कायदा आहे. त्यात बहुतेक दाव्यांना तीन वर्षांची मुदत आणि घर-जमिनीच्या ताब्याला बारा वर्षांची. आमच्या घरातली मुदत पाच मिनिटांची आहे. "मी दादाशी जन्मात बोलणार नाही," असं ओरडून कन्यारत्न आतल्या खोलीत जातं आणि पाचव्या मिनिटाला तिथूनच आवाज येतो, "दादा, बघ रे, पाल!" जन्म संपलेला असतो. दोघंही पलंगाखाली.

बँकेत मी दुसरा प्रकार बघतो. एकदा दोन भाऊ काउंटरवर आले. दोघंही पन्नाशीच्या पुढचे, केस पिकलेले, नाकं एकसारखी. वडील गेले होते आणि त्यांच्या मुदत ठेवीचे पैसे घ्यायचे होते. कागदपत्रं चोख, वाटणी निम्मी-निम्मी, पैशापैशापर्यंत मान्य. पण एक माझ्या खिडकीशी उभा होता आणि दुसरा तीन खिडक्या सोडून. "त्यांना सांगा, इथे सही राहिली आहे," असं एक मला म्हणाला. मी तीन खिडक्यांपलीकडे निरोप दिला. "त्यांना सांगा, केली आहे," असा उलट निरोप आला. भागाकार इतका सुरेख झाला होता की बाकी शून्य उरली होती. बँकेत आम्ही शून्य शिल्लक राहिली की खातं बंद करतो. ते खातंही बंदच झालं असावं. कधीतरी ही दोघं एका खिडकीसाठी भांडली असतील आणि पाचव्या मिनिटाला एका पालीमागे धावली असतील, असं त्यांच्या नाकांकडे बघून मला वाटत राहिलं.

याच्या अगदी उलट गोष्ट आमच्या घरची आहे. माझ्या आत्याची. आजोबा गेले तेव्हा घर आणि जमीन नावावर करायची वेळ आली. १९५६ च्या वारसा कायद्याने बापाच्या हिश्शात मुलीचा वाटा होताच. पण आत्याने दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जाऊन हक्कसोडपत्रावर सही केली, साडी-चोळी घेतली आणि दुपारच्या गाडीने सासरी परत गेली. ही गोष्ट आई मोठ्या अभिमानाने सांगते. त्या दिवशीही ती मेथी निवडता निवडता नातवंडांना सांगत होती. "वन्संनी एका शब्दाने विचारलं नाही हो. मन मोठं!"

कन्यारत्न ऐकत होतं. तिने विचारलं, "आजी, आत्याआजीने कापलं की उचललं?"

"काय गं?"

"म्हणजे वाटा तिने कापला, की तिने आधी उचलला?"

"अगं, तिने सोडला."

कन्यारत्न विचारात पडलं. आमच्या घरच्या कायद्यात हे तिसरं क्रियापदच नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "का? तिला काजू आवडत नव्हते?"

आईने उत्तर दिलं नाही. ती मेथी निवडत राहिली. जरा वेळाने मी पाहिलं तर देठं ताटात पडत होती आणि पानं कचऱ्यात. रात्री जेवणं झाल्यावर तिने आत्याला फोन लावला आणि आतलं दार लोटून घेतलं. पाऊण तास बोलणं चाललं होतं. काय झालं, ते आम्ही विचारलं नाही.

कायद्याने पुढे मजल मारली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखाच जन्माने हक्क, असं महाराष्ट्रात १९९४ साली झालं, तेही तोपर्यंत लग्न न झालेल्या मुलींपुरतं. देशभर सर्व मुलींसाठी झालं ते २००५ साली. आणि त्यातही राहिलेल्या शंका सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मिटवल्या. म्हणजे नारळाच्या वडीत 'भावाबहिणीत भेद करायचा नाही' असं आपण पिढ्यानपिढ्या मुलांना बजावत आलो, ते सातबाऱ्यावर यायला एवढी वर्षं लागली. आणि अजूनही चाळिशीच्या बहिणीपुढे हक्कसोडपत्राचा कागद सरकवताना, लहानपणी हिला निम्मी वडी मोजून दिली होती, हे कोणाला आठवत नाही. वडी दोन रुपयांची होती तेव्हा आपण न्यायी होतो. घर साठ लाखांचं झालं की आपल्याला बहिणीचं मोठं मन आठवतं.

आत्या मात्र दर भाऊबीजेला येते. बाबांना ओवाळते, हसते, मुलांना खाऊ आणते. म्हणजे बाकी उरली आहे. पण ती वाटणीने उरवलेली नाही, आत्याने उरवली आहे. सगळी तिच्या एकटीच्या खर्चाने. त्या दोन भावांचा भागाकार चोख होता आणि नातं उरलं नाही. आत्याच्या बाबतीत नातं उरलं, पण तिला कोणी सुरी हातात दिली नाही की आधी उचल म्हटलं नाही. दोन्ही ताळेबंद जुळलेले दिसतात, आणि दोन्हीत काहीतरी खोटं आहे. बँकेतला कुठलाही तपासनीस ते पकडू शकणार नाही. पोरीने मेथी निवडायच्या वेळात पकडलं.

तेव्हा सारखं दिलं म्हणजे न्याय झाला का, या प्रश्नाला माझ्यापुरतं मी असं उत्तर ठरवून टाकलं आहे. तुकडे तिळभर कमीजास्त होणारच. त्याचं फार मनाला लावून घेऊ नये. बाप तीळ खायला समर्थ आहे. पण सुरी प्रत्येकाच्या हातात एकदा तरी यायला हवी, उचलायची पाळी प्रत्येकाला मिळायला हवी, आणि वाटणी झाल्यावर दोघांना मिळून एका पालीमागे धावता यायला हवं. यातली एक गोष्ट जरी राहिली तरी दावा निकाली निघाला असं आमचं कोर्ट मानत नाही. चिरंजीव आणि कन्यारत्न या तिन्ही गोष्टी रोज दहा वेळा करून दाखवतात. फक्त ती आरडाओरडा एवढा करतात, की कोणाच्या ते लक्षात येत नाही.

परवा चिरंजीव भागाकाराचा गृहपाठ करत बसले होते. कन्यारत्न शेजारी, दादाच्या वहीत डोकं घालून. सात भागिले दोन. दोघांना प्रत्येकी तीन, बाकी एक.

"बाकी एक कोणाला द्यायचा?" तिने विचारलं.

"बाकी कोणाला द्यायची नसते. ती नुसती लिहायची असते," चिरंजीव म्हणाले.

"अन्नाय!" कन्यारत्न म्हणालं. मग तिने पेन्सिल घेतली आणि त्या बाकी एकच्या पुढे, पोटाचा गोल मोठा काढून, एक माणूस काढला.